एकाच वेगात धरली तरी बाइक झटके घेते, प्लग आणि फिल्टर बदलूनही फरक नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की 2012 ची 150 सीसी, कार्ब्युरेटरवाली गाडी आहे. 40 ते 50 च्या वेगात रेस तेवढीच धरली तरी ती पुढे ओढते, मग मागे खेचते. स्लोला ठेवली की आरपीएम आपोआप वर-खाली होतो. फुल रेसला मात्र व्यवस्थित पळते. हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. त्यावरून मला तरी वाटतं की कमी रेसला इंजिनला पेट्रोल अपुरं पडतंय.

कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग. त्यात कमी रेसला पेट्रोल येतं ते मुख्यतः स्लो जेट (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक छिद्र) आणि नीडल म्हणजे रेसबरोबर वर-खाली होणाऱ्या सुईच्या वाटेने, फुल रेसला मेन जेटमधून. म्हणून फुल रेसला गाडी छान पळते याचा अर्थ कार्ब्युरेटर बरोबर आहे असा होत नाही. मिश्रणात पेट्रोल कमी असलं की एखादा स्फोट अर्धवट होतो किंवा होतच नाही, उरलेलं पेट्रोल पुढच्या वेळी जळतं आणि तो स्फोट जोरात होतो. दोन-चार सिलिंडरच्या इंजिनात बाकीचे सिलिंडर हे झाकून टाकतात. आपल्याकडे एकच सिलिंडर, दोन फेऱ्यांत एक स्फोट. 1400 आरपीएमला सेकंदाला बारासुद्धा होत नाहीत, त्यामुळे एक हुकला तरी सीटखाली जाणवतो.

आता काहीही न उघडता एक चाचणी करा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर, ज्या वेगात झटके येतात त्याच वेगात चोक अर्धा ओढा, म्हणजे मिश्रणात पेट्रोल वाढेल. झटके थांबले किंवा कमी झाले, तर पेट्रोल कमी किंवा हवा जास्त, हे नक्की. उलट वाढले, तर पेट्रोल आधीच जास्त येतंय. मग फ्लोटची (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) लेव्हल आणि चोक नीट बंद होतो का ते बघा. काहीच फरक पडला नाही, तर प्लग कॅप, कॉइल, वायरिंग तपासा आणि चेनही विसरू नका. ढिली चेन आणि मागच्या चाकातली धक्का शोषणारी, झिजलेली हब रबरं अगदी असेच झटके देतात. पण त्यांच्यामुळे स्लोचा आरपीएम हलत नाही, तुमचा हलतोय.

चोकने फरक पडला तर लगेच कार्ब्युरेटर खोलू नका, आधी हवेची गळती शोधा. कार्ब्युरेटर आणि इंजिनचं हेड यांच्यामधलं रबर उन्हाने आणि उष्णतेने तडकतं, तिथली ओ-रिंग (गोल रबरी सील) चपटी होते आणि इंजिन तिथून बाहेरची हवा खेचतं. गाडी स्लोला ठेवून त्या जोडावर साध्या स्प्रे बाटलीने पाण्याचा फवारा मारा. आवाज क्षणभर बदलला की गळती तिथेच. काही जण यासाठी पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारतात; गरम इंजिनावर ते करू नका, आग लागते.

गळती नसेल तर स्लो जेट साफ करा. 38 नंबरच्या जेटचं छिद्र साधारण 0.38 मिलिमीटर असतं. पेट्रोल सुकून चिकटलेला पातळ थरसुद्धा तिथे पुरतो. जेट काढून क्लीनरमध्ये भिजवा, कॉम्प्रेसरच्या हवेने फुंका, उजेडाकडे धरून आरपार बघा. तार घालू नका, छिद्र मोठं झालं की जेट गेलं.

मग मिक्श्चर स्क्रू, म्हणजे कमी रेसला हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा कार्ब्युरेटरवरचा स्क्रू. इथे बरीच गॅरेजं गडबड करतात. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की मिश्रण आणखी पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. इंजिन गरम असताना अर्धा-अर्धा फेरा फिरवत आरपीएम सगळ्यात वर आणि स्थिर जाईल तिथे थांबा, मग आयडल स्क्रूने (स्लोचा आरपीएम ठरवणाऱ्या स्क्रूने) स्लो खाली आणा. नुसता आयडल स्क्रू वाढवून झटके लपतात, आजार तसाच राहतो.

इतकं करूनही थोडे झटके उरले, तर पेट्रोलचा विचार करा. साध्या पेट्रोलला वजनाने 14.7 पट हवा लागते, 20 टक्के इथेनॉलवाल्या ई20 ला सुमारे 13.5 पट. 2012 चा कार्ब्युरेटर हे ओळखत नाही, तो जुन्या मापानेच पेट्रोल देतो, म्हणजे मिश्रण आपोआप पातळ. त्यात प्रदूषणाच्या नियमांमुळे या गाड्या कंपनीतूनच थोड्या पातळ सेट केलेल्या असायच्या. अशा वेळी स्लो जेट एक नंबर मोठं टाकणं मला योग्य वाटतं, पण गळती आणि कचरा दोन्ही तपासल्यावरच.

जोरात चालवताना थोड्या वेळाने दम गेल्यासारखी ओढली तर ते वेगळं दुखणं. थांबून टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी ठीक झाली, तर झाकणातलं हवेचं छिद्र बंद आहे.

दुरुस्तीनंतर थोडं चालवून प्लग काढून बघा. टोक पांढरं फटक असेल तर मिश्रण अजून पातळ आहे. फिकट तपकिरी रंग आला की सेटिंग तिथेच सोडा.