मूल हट्ट करतंय म्हणून प्राणी आणायचा का? एका साडेचार वर्षांच्या मुलाची गोष्ट

"मॅडम, नेमकं कितव्या वर्षी आणावा हो प्राणी?" हा प्रश्न माझ्याकडे कायम येतो आणि विचारणारे आईबाबा तोवर अर्धे हरलेलेच असतात, म्हणजे घरी रोज रडारड चालू असते, पिंजरासुद्धा बघून झालेला असतो आणि माझ्याकडून फक्त 'हो, आणा' एवढं ऐकायचं असतं. अशीच एक केस सांगते, त्या पालकांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगा साडेचार वर्षांचा, एकुलता एक. त्याला हॅम्स्टर, म्हणजे उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी, हवा होता. आईचं म्हणणं, आणूया, सोबत होईल आणि जबाबदारीची सवय लागेल. बाबा ठाम नाही म्हणत होते पण कारण धड सांगत नव्हते, घाण होते म्हणाले, मग वास येतो म्हणाले, मग वेळ कुणाला आहे म्हणाले. मुलाला बाहेर खेळायला पाठवलं तेव्हा हळूच बोलले की ओळखीच्यांकडे मांजराचं पिल्लू होतं, ह्यानं त्याचं शेपूट धरून ओढलं, ते केकाटलं आणि हा खदाखदा हसला. "हा क्रूर तर नाही ना मॅडम?"

तर हे आधी सांगते, कारण बऱ्याच जणांच्या मनात असतं आणि विचारायची लाज वाटते. ह्या वयात शेपूट ओढणं म्हणजे क्रूरपणा नव्हे. ओढलं की आवाज येतो, काहीतरी भारी घडतं, म्हणून हसू येतं. समोरच्याला आपल्यापेक्षा वेगळं काही वाटतंय हे साधारण चारच्या आसपास उमगायला लागतं, पण उमगणं वेगळं आणि ऐन खेळात ते आठवणं वेगळं. काळजी कधी करायची, तर मूल मोठं आहे, दुखतंय हे त्याला नीट कळतंय, सांगून झालंय आणि तरीही ते लपूनछपून, मुद्दाम, पुन्हा पुन्हा करतंय तेव्हा. मग वाट बघत बसू नका, मदत घ्या.

आता तयारीचं. मी त्यांना म्हटलं, आणायचं नंतर बघू, आधी कुणाकडे छोटा प्राणी असेल तर तिथं घेऊन जा आणि मुलगा काय करतो त्याचा व्हिडिओ काढा. त्यांच्या मैत्रिणीकडे गिनी पिग होता, म्हणजे हॅम्स्टरपेक्षा मोठा, बिनशेपटीचा, केसाळ पाळीव प्राणी. पुढच्या वेळी आईनं कौतुकानं व्हिडिओ दाखवला. मुलगा सोफ्यावर, मांडीत गिनी पिग, दोन्ही हातांनी घट्ट कवटाळलेला. "बघा ना किती शांत बसलाय ह्याच्याकडे, त्यालाही आवडतंय!" मी व्हिडिओ थांबवला आणि म्हटलं, नीट बघा. डोळे वटारलेले, अंग चपटं केलेलं, नाकसुद्धा हलत नाहीये, आणि मुलाचा अंगठा त्याच्या पोटात रुतलेला. तो शांत नव्हता, गोठला होता. गिनी पिग काय, ससा काय, हे दुसऱ्यांची शिकार होणारे प्राणी, घाबरले की दगडासारखे स्तब्ध होतात आणि आपण त्यालाच लाड करून घेणं समजतो. पुढच्याच क्षणी मुलाचा हात सैल झाला, गिनी पिगनं उडी मारली, थोडक्यात वाचला. एवढ्याशा उंचीवरून पडूनही ह्यांची हाडं मोडू शकतात, म्हणून लहान मुलांनी प्राण्याला जमिनीवर बसूनच हात लावायचा, उभं राहून किंवा सोफ्यावर अजिबात नाही, ह्यात मी कुणाचं ऐकत नाही.

पण मला खरं बघायचं होतं ते त्याच्यानंतरचं. गिनी पिग पलंगाखाली पळाला, मुलगा मागे, बाबांचा आवाज येतो "थांब, जाऊ दे त्याला", आणि मुलगा काही थांबत नाही, हात आत घालून ओढायला बघतो. माझी कसोटी हीच आहे. 'थांब' म्हटल्यावर हात थांबतो का, आणि प्राणी निघून गेला की मूल त्याला जाऊ देतं का. काही मुलांना हे पाचव्या वर्षी जमतं, काहींना सातव्याही नाही, त्यामुळे वयाचा एकच आकडा मी देत नाही. अजून एक बघते, पिंजऱ्याचं दार चुकून उघडं राहिलं तर मूल येऊन सांगेल की ओरडा बसेल म्हणून लपवेल? (हे निम्मं आपल्या आवाजावर अवलंबून असतं, मुलावर नाही.) आणि प्राण्याला हात लावल्यावर कटकट न करता साबणानं हात धुतो का. कासव, सरडे वगैरेंच्या अंगावर साल्मोनेला (जुलाब-ताप आणणारा जंतू) असू शकतो, प्राणी ठणठणीत दिसला तरी, त्यामुळे पाचाच्या आतलं मूल घरात असेल तर ते नकोतच.

हॅम्स्टरचं तर मी आईला सरळ सांगितलं, तो दिवसभर झोपतो आणि रात्री जागा होतो, म्हणजे तुमचं पोरगं जागं असेल तेव्हा तो गुंडाळी करून पडलेला आणि झोपेतून उठवला की चावतो. आयुष्य जेमतेम दोन-तीन वर्षं. ससा गोंडस दिसतो पण त्याला उचललेलं आवडत नाही, धडपडीत जोरात लाथ मारली तर त्याचाच पाठीचा कणा मोडू शकतो, आणि तो आठ-दहा वर्षं जगतो. मासे बरे, हाताळायचा प्रश्नच नाही, फक्त काचेच्या गोल भांड्यात नको, आणि टँकमधलं पाणी माशांना मानवेल असं व्हायला काही आठवडे जातात, ते काम मोठ्यांचं. गिनी पिग दिवसाही जागा असतो, सहसा चावत नाही, पण एकटा ठेवायचा नाही, वाळलेलं गवत सतत लागतं, आणि क जीवनसत्त्व त्याच्या शरीरात तयार होत नाही, ते खाण्यातूनच द्यावं लागतं. आणि तोही पाच ते आठ वर्षं जगतो.

मग मी दोघांना विचारलं, मुलगा पंधरा दिवसांत कंटाळला तर पुढची पाच-सात वर्षं हे सगळं कोण करणार? दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आईच आधी बोलली, "मला खरं तर पिंजऱ्याचा वास सहन होत नाही." आता ह्याच बाई जबाबदारीची सवय म्हणत होत्या! साडेचार वर्षांचं मूल फार तर मोजून दिलेलं खाणं वाटीत ओतेल, पाणी संपलं तर सांगेल, तेही आपण शेजारी उभं राहिलो तर. प्राण्याचं पोट मुलाच्या आठवणीवर ठेवायचं नाही, आणि 'तू पाणी दिलं नाहीस तर देऊन टाकू त्याला' ही धमकी तर नकोच नको, त्यातून मूल एवढंच शिकतं की कंटाळा आला की जिवंत जीव परत करता येतो.

ठरलं असं की आत्ता नाही. आणि मुलाला 'मोठा झालास की' असलं मोघम सांगायचं नाही, कारण मुलं दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी होऊन येतात. त्याला सांगितलं, "थांब म्हटल्यावर हात थांबायला लागला की आपण पुन्हा बोलू." घरी स्टॅच्यूचा खेळ सुरू केला. मैत्रिणीकडे जाणं चालू ठेवलं, पण जमिनीवर टॉवेल टाकून, दोन बोटांनी फक्त पाठीवर, आणि गिनी पिग टॉवेलवरून उतरला की खेळ संपला. पहिल्यांदा भोकाड पसरलं, साहजिक आहे. मधल्या काळात गंमत अशी झाली की दर वेळी तिथला पिंजरा साफ करू लागले ते बाबा, आणि त्यांनाच लळा लागला.

पुढच्या वर्षी गिनी पिगच्या दोन माद्या घरी आल्या, बाबांच्या नावावर म्हणा हवं तर. आईनं वासाचं आधीच स्पष्ट सांगितल्यामुळे पिंजरा बाबांकडे, त्यावरून घरात भांडण नाही. हल्लीच आईचा मेसेज होता की ह्यातली एखादी मेली तर ह्याला काय सांगू, आम्ही तशीच दुसरी आणून ठेवू का गुपचूप? मी लिहिलं, नको, त्याला रंग-खुणा तुमच्यापेक्षा जास्त पाठ असतील. 'झोपली' किंवा 'गावाला गेली' असंही नको, मुलं मग स्वतः झोपायला घाबरतात किंवा परत यायची वाट बघत बसतात. 'मेली, तिचं शरीर बंद पडलं, ती परत येणार नाही' एवढंच, आणि तो तेच तेच विचारत राहील, तेव्हा प्रत्येक वेळी तेच उत्तर द्या.