वाचकांचे प्रश्न : ऑइल फिल्टर जागचा हलत नाही

प्रश्न : घरीच ऑइल बदलायला घेतलं. गाडी पेट्रोल, छोटी, पाच वर्षांची. फिल्टर हाताने तर सोडाच, वाटी पान्यानेही निघेना, पाना नुसता गरगर फिरतो. शेजारचे म्हणतात स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोक आणि फिरव. ठोकू का?
— वाचक, माजलगाव (जि. बीड)

इतक्यात ठोकू नका. आणि ऑइल अजून काढलं नसेल तर ड्रेन बोल्टला (खालून तेल सोडायच्या बोल्टला) हातच लावू नका. फिल्टर अडकेल अशी शंका असली की आधी तो जरासा हलवून पाहायचा, तो सुटला की मग चेंबर रिकामं करायचं. उलट क्रमाने गेलात आणि फिल्टर निघालाच नाही, तर गाडी तेलाविना अंगणात उभी राहते. तेल आत असेल तर निदान चालवत गॅरेजपर्यंत नेता येते.

आता तो अडकतो कशाने, ते पाहू. पकडून ठेवतं ते रबरी रिंग, आटे नव्हे. आटे तेलात बुडालेले असतात, ते सहसा गंजत नाहीत. मागच्या वेळी रिंगला तेल न लावता फिल्टर कोरडाच बसवला असेल किंवा पान्याने आवळला असेल, तर रबर तापून-निवून कडक होतं आणि इंजिनच्या तोंडाला चिकटून बसतं. म्हणून गंज सोडवायचा स्प्रे मारण्यात फारसा अर्थ नाही, तो रिंगच्या आत पोचतच नाही. गॅसबत्तीने शेकायचं तर मनातही आणू नका, तिथे सगळीकडे तेल आहे. काही जण मराठवाड्याच्या उन्हाला बोल लावतात, पण बाहेर 42 अंश असो की 22, चालत्या इंजिनातलं तेल शंभरच्या आसपास तापतंच.

काम असं करा. इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करा. रबर थोडं सैल पडेल इतकी ऊब हवी, हात भाजेल इतकी नको. सायलेन्सरचा पाइप मात्र फिल्टरपेक्षा लवकर तापतो, त्याच्यापासून कोपर सांभाळा. फिल्टरवरचं तेल कोरड्या चिंधीने पुसून काढा. सटकण्याचं निम्मं कारण तेलकट पत्रा हेच असतं.

वाटी पाना फिरतो म्हणजे बहुतेक माप चुकलंय. वाटीवर व्यास आणि कडांची संख्या कोरलेली असते, उदाहरणार्थ 65 मिमी, 14 कडा. फिल्टरच्या बुडावरच्या कडा मोजून ताडून पाहा. माप बरोबर असूनही सैल वाटत असेल तर मध्ये 80 नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी घाला, खरखरीत बाजू फिल्टरकडे, आणि वाटी लाकडी हातोडीने ठोकून घट्ट बसवा. तरीही जमलं नाही तर पट्ट्याचा किंवा साखळीचा पाना घ्या. पट्टा फिल्टरच्या मध्यावर नको, इंजिनकडच्या टोकाला, जितका जवळ जाईल तितका. मध्यावर नुसता पातळ पत्रा असतो, तो चेपतो आणि जोर वाया जातो. इंजिनकडच्या टोकाशी आत जाड चकती असते, तिथे पकड बसते. पट्ट्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला की सटकत नाही.

दिशेत बरेच जण फसतात. फिल्टरच्या बंद टोकाकडून पाहिलं तर तो घड्याळाच्या उलट सुटतो. पण फिल्टर खाली लटकलेला असेल आणि तुम्ही बोनेटमधून वरून हात घालत असाल, तर तुमच्या नजरेला तो घड्याळाच्या दिशेने फिरताना दिसला पाहिजे. एरवी तुम्ही तो आणखी आवळत बसाल. जोर हळूहळू वाढवत न्या आणि शेवटी छोटा हिसका द्या. एकदा कट् करून सुटला की पुढे हातानेच येतो.

गाडीखाली जाणार असाल तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. घोडी (जॅक स्टँड) लावा, मागच्या चाकांना लाकडी ओंडके द्या, हँडब्रेक ओढा. विटा रचून गाडी पेलायची नसते, वीट पूर्वसूचना न देता फुटते. आपल्याकडच्या काळ्या मातीत जॅक बघता बघता रुततो, म्हणून जॅक आणि घोडी दोन्हीखाली बाभळीची जाड फळी हवी. शहाबादी फरशी नको, ती मधोमध तडकते. सिमेंटचा कोबा असेल तर तिथेच काम करा.

हे सगळं हरलं तरच स्क्रू ड्रायव्हर. पण एकदा भोक पडलं की गाडी जागची हलवता येत नाही, म्हणून नवा फिल्टर आधी आणून ठेवा आणि खाली घमेलं लावा. लांब, जाड स्क्रू ड्रायव्हर फिल्टरच्या इंजिनकडच्या टोकापासून साधारण एक इंचावर ठोका. त्याहून जवळ ठोकला तर आतल्या आट्याच्या नळीवर (जिच्यावर फिल्टर फिरवून बसवतात) बसेल. त्याहून लांब ठोकला तर पत्रा पिळून फाटेल.

प्रश्न : तोच प्रयोग केला आणि पत्रा पूर्ण फाटला. डबा हातात आला, चकती इंजिनलाच चिकटून राहिली. आता?
— वाचक, उदगीर (जि. लातूर)

घाबरण्यासारखं नाही, पण घाईही नको. लोंबणारा पत्रा कात्रीने कापा, आतला कागद आणि स्प्रिंग काढून टाका. आता जाड चकती, तिच्यावर गोलाकार भोकं आणि मध्ये आट्याची नळी दिसेल. चकतीची कड हाताशी येत असेल तर प्लंबरचा पाइप पाना सगळ्यात चांगला, तो कडेला घट्ट चावतो. जागा नसेल तर बोथट छन्नी एखाद्या भोकाच्या काठाला तिरपी टेकवून सोडवायच्या दिशेने हातोडीचे छोटे ठोके द्या. एकाच भोकावर न ठोकता समोरासमोरच्या भोकांवर आळीपाळीने ठोका.

दोन गोष्टी जपा. छन्नी मधल्या नळीला लागू देऊ नका, आटे बिघडले तर खर्च वाढतो. आणि चकती व इंजिन यांच्या फटीत पाचर म्हणून काहीही घालू नका. फिल्टर बसतो तो भाग बहुतेक इंजिनांत ॲल्युमिनियमचा असतो. त्याच्यावर ओरखडा पडला की नवी रिंग कितीही चांगली असो, तिथून तेल झिरपत राहतं.

प्रश्न : नवा फिल्टर नीट बसवला. गाडी सुरू केली आणि मिनिटभरात सगळं तेल जमिनीवर. फिल्टर खराब निघाला का?
— वाचक, परतूर (जि. जालना)

शक्यता फार कमी. जुन्या फिल्टरची रबर रिंग इंजिनलाच चिकटून राहिली असणार आणि नवी तिच्यावर बसली असणार. दोन रिंगा एकावर एक बसल्या की हाताला घट्ट लागतं, पण तेलाचा दाब आला की वरची सरकते. जुना फिल्टर काढल्यावर त्याच्यावर रिंग आहे की नाही हे पाहायचंच. नसेल तर ती वर आहे, नखाने किंवा लाकडी काडीने सोलून काढा. काळी रिंग काळ्या तेलात दिसत नाही, बोट फिरवून चाचपा.

मग इंजिनवरची बैठक कोऱ्या फडक्याने पुसा, नव्या रिंगला बोटाने ताजं तेल लावा आणि फिल्टर हाताने फिरवत न्या. रिंग टेकली की तिथे मार्करने खूण करा आणि तिथून पाऊण फेरा. फिल्टरवर किंवा खोक्यावर वेगळं छापलं असेल तर ते पाळा. छोट्या गाड्यांना आवळायचा जोर 12 ते 18 न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतो. पाना काढण्यासाठी आहे, बसवण्यासाठी नाही. हे पाळलंत तर पुढच्या वेळी माजलगावच्या वाचकासारखी वेळ येणार नाही. ड्रेन बोल्टचं वायसरही नवं घाला.

गाडी सुरू केल्यावर तेलाच्या दाबाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. दहा सेकंदांतही विझला नाही तर लगेच बंद करा. तुमच्या बाबतीत तेल सांडत असताना गाडी किती वेळ चालली आणि दिवा लागला होता का, हे आठवून मेकॅनिकला सांगा. आता इंजिनातून खडखड येत असेल तर नुसतं तेल भरून चालवू नका.

प्रश्न : फिल्टरबरोबर मधली आट्याची नळीच बाहेर आली. नव्या फिल्टरला लावून बसवली तर चालेल का?
— वाचक, वसमत (जि. हिंगोली)

तशी बसवू नका. आधी नळी जुन्या फिल्टरमधून काढा, पण पक्कडने आटे न चिरडता : दोन नट एकमेकांवर आवळून त्यांनी फिरवा. आटे शाबूत असतील तर तेल पुसून, इंजिनकडच्या आट्यांना लॉक (आटे पक्के धरणारा चिकट द्रव) लावून नळी इंजिनात घट्ट बसवा आणि लॉक सुकू द्या. मगच फिल्टर. आटे दबले असतील तर नवीच आणा, ती फार महाग नसते.

प्रश्न : ट्रॅक्टरचाही फिल्टर असाच अडकलाय. हीच पद्धत चालेल का?
— वाचक, गंगाखेड (जि. परभणी)

पद्धत तीच, फक्त ट्रॅक्टरचा फिल्टर मोठा असल्याने साखळीचा पाना लागेल. तुरीची मळणी चालू असताना रानात फिल्टर खोलू नका, भुसा सरळ इंजिनात जातो. आधी फिल्टरभोवतीचा मातीचा थर ब्रशने काढा, मग खोला. फिल्टर तोंड वर करून बसत असेल तर बसवण्याआधी त्यात ताजं तेल भरा, सुरू होताना बेअरिंगला कोरडं फिरावं लागत नाही. आडवा बसत असेल तर सांडेल, तसाच बसवा. बदलायचं ते तासांवर, किती तास ते पुस्तिकेत दिलेलं असतं.

प्रश्न : उरलेलं जळकं ऑइल दाराला, खांबाला लावलं तर वाळवी लागत नाही म्हणतात. लावावं का?
— वाचक, औसा (जि. लातूर)

घराच्या लाकडाला नको. त्यात इंजिनच्या झिजेचे धातू आणि जळलेले घटक असतात, ते हाताला लागतात आणि पावसात वाहून विहिरीकडे जातात. 2016 च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल येतं. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून, तेल अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या गॅरेजला किंवा सर्व्हिस सेंटरला द्या. फिल्टर रात्रभर घमेल्यावर पालथा ठेवा, आतलं तेलही निथळून येतं. कॅनमध्ये कूलंट, पेट्रोल किंवा पाणी मिसळू नका, भेसळ झालेलं तेल पुन्हा शुद्ध करणं अवघड होतं.