मेकअपने माणूस खरंच ओळखू न येण्याइतका बदलू शकतो का?

हो, अगदी. पण त्यासाठी रंगापेक्षा सावलीची समज जास्त लागते. गालाच्या हाडाखाली त्वचेहून दोन छटा गडद रंग लावला की गाल आत गेलेला दिसतो. म्हातारपण दाखवायचं तर त्वचा ताणून धरतात, स्पंजने पातळ लेटेक्स, म्हणजे द्रवरूप रबर, टिपतात, वाळल्यावर पावडर मारून सोडतात, आणि समोर सुरकुत्या पडतात! ते बघताना माझ्या अंगावर अजून काटा येतो. १९८२ च्या सोहळ्यापासून ऑस्करमध्ये मेकअपला नियमित पुरस्कार आहे, तो उगाच नाही.

मला मात्र भाजल्याचे व्रण झाकणारा मेकअप याहून मोठा वाटतो. आधी हिरवट करेक्टरने, म्हणजे त्वचेवरचा नको तो रंग झाकणाऱ्या क्रीमने, व्रणाची लाली दाबायची, मग त्वचेच्या रंगाचे पातळ थर थापटत जायचे, घासायचं नाही.