सिक्स-जी टेस्टसाठी मेटलर्जी शिकायलाच हवी का?

तुमचा प्रश्न असा: आयटीआय वेल्डर, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत तीन वर्षं गेट आणि ट्रॉल्या जोडताय, आता पाइपची सिक्स-जी टेस्ट (तिरक्या, न फिरणाऱ्या पाइपच्या जोडाची परीक्षा) द्यायचीय. हात बसलाय, मग धातुशास्त्राची कटकट कशाला?

मीही असंच म्हणायचो. जुलै महिना होता, बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. ईएन-८ चा, म्हणजे जास्त कार्बनच्या पोलादाचा, जाड शाफ्ट दुरुस्तीला आला. कधीचं फोडून ठेवलेलं ७०१८ या वेल्डिंग रॉडचं पाकीट घेतलं, जोड भरला, ग्राइंडर मारला आणि स्वतःवरच खूश होऊन घरी गेलो. सकाळी बघतो तर बीड (जोडाची भरलेली रेघ) शाबूत, पण तिच्या कडेला, शाफ्टच्या अंगात, केसाएवढी भेग. मालकानं शाफ्टचे पैसे पगारातून कापले.

हात चुकलाच नव्हता. रॉडच्या लेपात ओल धरली होती. आर्कमध्ये त्या पाण्यातून हायड्रोजन सुटतो आणि वितळलेल्या धातूत शिरतो. त्यात ईएन-८ मध्ये कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास. थंडगार जाड शाफ्ट जोडाची उष्णता झटक्यात ओढून घेतो आणि बीडलगतची पट्टी मार्टेन्साइट बनते, म्हणजे कडक पण ठिसूळ. हायड्रोजन तिथं साचतो, आकसणाऱ्या जोडाचा ताण असतोच. अशी भेग काही तासांनी पडते, कधी दोन दिवसांनी. मोठ्या कामात तपासणी ४८ तास थांबून करतात ती यासाठीच.

कुठलं पोलाद असं तडकेल हे ओळखायला सुरुवातीला एक हिशेब पुरे. कार्बनच्या टक्क्यांत मँगनीजच्या टक्क्यांचा सहावा भाग मिळवायचा (क्रोमियम, निकेल असेल तर त्यांचेही हिस्से येतात). साध्या एमएसचं (माइल्ड स्टीलचं) बघा: ०.१८ अधिक ०.८ चा सहावा भाग, म्हणजे ०.३१. बिनधास्त जोडा. ईएन-८ ला तेच ०.५३ येतं. साधारण ०.४ ओलांडलं की आधी तापवायचं. माझा शाफ्ट दोनशे अंशांच्या आसपास तापवून, जोडून, चुन्यात गाडून सावकाश निववायला हवा होता. आणि रॉड तीनशे-साडेतीनशे अंशांवर तास-दोन तास भाजून गरम डब्यात ठेवायचे. दुपारच्या उन्हात वाळवलेल्या रॉडला भाजलेला रॉड म्हणत नाहीत बरं का, आमच्याकडं म्हणायचे.

आता टेस्ट. पाइप ४५ अंशात तिरका, पक्का बांधलेला. तो फिरणार नाही, तुम्हीच त्याच्याभोवती फिरायचं. नापास होणारे बहुतेक रूटमध्येच, म्हणजे जोडाच्या तळाच्या पहिल्या थरातच, जातात, त्यातही खालच्या बाजूला, जिथं रूट आत ओढला जाऊन खड्डा पडतो. फिटअपला, म्हणजे जोडण्याआधी पाइप जुळवायला, आळस करू नका. ३.२ ची फिलर वायर वाकवून फटीत घाला आणि मग टॅक (छोटे टाके) मारा, म्हणजे गॅप सगळीकडं सारखा राहतो. जोडून झाला की चार पट्ट्या कापा, दोन रूटकडून आणि दोन फेसकडून (जोडाच्या वरच्या बाजूनं) वाकवा. हायड्रॉलिक प्रेस उद्यमबागेत कुणाकडंही मिळेल. ३ मिलिमीटरपेक्षा मोठी भेग उघडली तर नापास.

सर्टिफिकेटचं मात्र जपून. एएसएमई सेक्शन नाईन या वेल्डिंगच्या अमेरिकन नियमावलीखाली कंपनी आपल्या प्रोसिजरवर (वेल्डिंगच्या ठरवलेल्या पद्धतीवर) स्वतः टेस्ट घेते. क्लासवाल्यानं दिलेला कागद दाखवलात तरी बहुतेक ठिकाणी परत पाइपसमोर उभं करतील. शिवाय सहा महिने त्या प्रोसेसनं काम केलं नाही, तर पात्रता जाते. आणि बॉयलरला हात लावायचा असेल तर आयबीआरची (भारतीय बॉयलर नियमांची) परीक्षा वेगळी, ती बॉयलर खात्याची. आपल्या भागात खरं काम तिथंच आहे की! गळीत संपलं की साखर कारखान्यांचे बॉयलर उघडतात, ट्यूबा बदलतात, ठेकेदार वेल्डर शोधत असतात. तिथं आधी एखाद्या आयबीआरवाल्याच्या हाताखाली एक ऑफ-सीझन हेल्पर म्हणून काढा, पगार कमी मिळाला तरी. पाइपच्या खाली आडवं पडून, आरसा धरून जोड कसा मारतात ते क्लासमध्ये कुणी दाखवत नाही.