‘तुम्ही मोठ्या आहात, सोडून द्या’ म्हटल्यावर पुढे काय

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ४१व्या वर्षी पुन्हा कॉलेजला गेलात, वर्गातलं पाच-सहा जणांचं टोळकं रोज ‘काकू आल्या, काकू आल्या’ करतं, प्रोजेक्टच्या ग्रुपमधून न सांगता तुमचं नाव काढलं. विभागप्रमुखांकडे गेलात तर त्या म्हणाल्या, ‘तुम्ही मोठ्या आहात, सोडून द्या.’ आता कॉलेजच सोडावं का, असं विचारताय. मी ३८व्या वर्षी डिप्लोमाला बसलो होतो आणि बराच काळ ‘अंकल’ म्हणून काढला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमची शंका, ‘मीच जास्त मनावर घेतेय का?’ नाही घेत. बुलिंगवर १९७०च्या दशकापासून काम केलेल्या डान ओल्व्हेउस यांनी तीन खुणा सांगितल्या होत्या. त्रास मुद्दाम दिलेला असतो, पुन्हा पुन्हा दिलेला असतो आणि दोन बाजूंच्या ताकदीत फरक असतो. तिसरीवरच सगळे फसतात. ‘ती पोरं, तुम्ही मोठ्या’ म्हणताना वय मोजतात, डोकी मोजत नाहीत. वर्गात पाच विरुद्ध एक असताना तुमच्या वयाचं वजन शून्य असतं, उलट ते वयच हत्यार म्हणून वापरलं जातंय. आणि हे फक्त शाळकरी पोरांचंही नाही. मानसशास्त्रज्ञ हाइन्झ लेमन यांनी १९८०च्या दशकात स्वीडनमध्ये नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांमध्ये नेमकं हेच पाहिलं होतं: ठरवून एकाला वाळीत टाकणं.

आता माझी चूक सांगतो, कारण तुम्हीही तीच केली असावी असं वाटतंय. मी पहिल्यांदा सरांकडे गेलो तो तावातावाने. चार महिन्यांचं सगळं एका दमात ओकलो. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘नेमकं कधी? कोण?’ आणि मला एकही तारीख सांगता येईना. ‘नेहमीच’, ‘सगळेच’ एवढंच तोंडातून निघत होतं. ‘जरा मिसळा त्यांच्यात’ असं सांगून त्यांनी मला वाटेला लावलं. तेव्हा फार राग आला. आज वाटतं, माणूस कामचुकार होता खरा, पण मीही त्याच्या हातात धरण्यासारखं काही दिलं नव्हतं.

त्यानंतर एक छोटी वही केली. त्यातली एक नोंद अशी होती: ‘मंगळवार, १०.४०चं प्रॅक्टिकल, तिसरं टेबल. मी स्टूल ओढलं तेव्हा अमका म्हणाला, अंकल, पेन्शनर्सची रांग तिकडे. तिघे हसले. सर दोन टेबलं पलीकडे होते, त्यांनी वळून पाहिलं, बोलले नाहीत.’ बस. ‘अपमान झाला’, ‘मुद्दाम केलं’ असलं काही लिहायचं नाही, तो निष्कर्ष वाचणाऱ्याला काढू द्या. नोंद त्याच दिवशी करा. आठवड्याने लिहिलेलं गुळगुळीत होतं, आणि समोरचा नेमकं तिथेच बोट ठेवतो.

अशा सहा-सात नोंदी झाल्या की पुन्हा जा, पण मागणी एकच ठेवा. ‘मला न्याय द्या’ म्हटलं की स्टाफ गांगरतो, कारण न्याय द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं हे त्यांना उमजत नाही. ‘मला दुसऱ्या गटात टाका’ किंवा ‘या प्रोजेक्टचे गुण प्रत्येकाचे वेगळे लावा’ यावर त्यांना हो किंवा नाही म्हणावंच लागतं. भेट झाली की त्याच दिवशी ईमेल टाका. मी साधारण असं लिहायचो: ‘आज ११ वाजता आपली भेट झाली. मी गट बदलून मागितला. आपण शुक्रवारपर्यंत कळवतो म्हणालात. माझ्या समजण्यात काही चूक असल्यास कृपया सांगावे.’ एवढ्याने तोंडी बोलण्याला कागद मिळतो. शुक्रवार गेला, उत्तर नाही, तर तोच ईमेल तसाच वरच्याला पुढे पाठवायचा, वर एक ओळ जोडून. नवीन रडगाणं नको. संस्थेची लेखी तक्रारपद्धत आणि तक्रार निवारण समिती असेल तर तिची माहितीही ईमेलनेच मागा. अर्ज हातोहात दिलात तर पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.

स्टाफमध्येही फरक असतो. काहींना खरंच दिसत नाही. काहींना दिसतं, पण मिठाची गुळणी धरून बसतात, कारण लेखी तक्रार म्हणजे त्यांच्या डोक्याला काम. या दोघांना कागदाने हलवता येतं. तिसरा प्रकार म्हणजे पोरांबरोबर स्वतःही हसणारे. त्यांना समजावण्यात एक मिनिट घालवू नका, सरळ त्यांच्या वरच्याकडे जा. आणि विभागप्रमुखांचं ते एक वाक्य तुम्हाला पोरांच्या टोमण्यांपेक्षा जास्त लागलं असेल, तर त्यात नवल नाही. मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रीड यांनी याला संस्थेने केलेला विश्वासघात म्हटलंय. त्यांचा कार्ली स्मिथ यांच्याबरोबरचा २०१३चा अभ्यास कॉलेजमधल्या मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल होता, म्हणजे तुमच्यापेक्षा फार गंभीर गोष्ट. त्यात ज्यांना नंतर संस्थेनेही वाऱ्यावर सोडलं होतं, त्यांच्यात चिंतेची लक्षणं जास्त आढळली होती.

वर्गात काय करायचं? ‘हसून सोडून द्या’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. मी एक अख्खं सेमिस्टर हसलो. आपलं हसणं त्यांना परवानगी वाटते. नंतर मी दरवेळी एकच वाक्य, एकाच सुरात म्हणायला लागलो: ‘माझं नाव वापरा.’ पुढे काही नाही, उपदेश नाही, लगेच कामाला लागायचं. पहिले आठ-दहा दिवस त्याचीही नक्कल झाली. मग कंटाळले.

दुसरं, एक माणूस शोधा. एकच. कॅनडातल्या शाळांच्या मैदानांवर मुलांचं निरीक्षण करून २००१मध्ये एक अभ्यास छापून आला होता. बघ्यांपैकी कुणी मध्ये पडलं, तर निम्म्याहून अधिक वेळा त्रास १० सेकंदांत थांबला होता. ती मुलं होती, मान्य. पण वर्गात गप्प बसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हे आवडत नसतंच, फक्त पहिलं व्हायचं नसतं. माझ्या बाजूच्या टेबलावर एक अबोल मुलगा होता. त्याला भांडायला सांगितलं नाही, ‘प्रॅक्टिकलला माझ्याशेजारी बसशील का?’ एवढंच विचारलं. पुढे माझ्या तक्रारीवर साक्षीदार म्हणून त्यानेच सही केली.

एक सांभाळा: वर्गाच्या ग्रुपवर रागाने काहीही टाकू नका. त्यांच्या वीस टोमण्यांचा स्क्रीनशॉट कुणी काढत नाही, तुमच्या एका ओळीचा लगेच निघतो. आणि धमकी, अंगाला हात, पैशांची मागणी, फोटो फिरवणं असं काही झालं, तर वरचं सगळं विसरा, त्याच दिवशी संस्थाप्रमुख आणि पोलीस. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर समुपदेशकाची वेळ घ्या, तक्रारीचा निकाल लागायची वाट बघू नका. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार डोकावला, तर त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टर गाठा.

कॉलेज सोडण्याबद्दल: सोडणं म्हणजे हार वगैरे मी मानत नाही, माझ्या बॅचमधली एक बाई दुसरीकडे गेली आणि सुखात आहे. पण सेमिस्टरच्या मध्ये नको. तुमचे आतापर्यंतचे गुण दुसरीकडे धरले जातात का, हे आधी लेखी विचारून ठेवा.

तूर्त एक सांगा. ग्रुपमधून नाव काढल्याचा स्क्रीनशॉट आहे का? असेल तर कापू नका, वरची तारीख आणि काढणाऱ्याचं नाव दिसू द्या. नसेल तर आधी तो घ्या, ग्रुप डिलीट करू नका. मग तुमचा ईमेलचा मसुदा इथे टाका, नावं खोडून. मी बघतो.