मालवणजवळच्या देवबागला पोरांना घेऊन जाताय?

तीनच रात्री हातात असतील तर रोज नवं गाव गाठायची धावाधाव नको, देवबागलाच मुक्काम ठोका. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये चिंचोळी वाळू नि माड. रेल्वेने कुडाळला उतरा.

भरतीची वेळ तिथीवरून काढा: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला साधारण 3 वाजता, अष्टमीला 6. थोडं पुढेमागे होतंच. आमची पोरं ओहोटीला ओल्या वाळूत खेकड्यांची बिळं उकरत बसतात, जेवायलाही हलत नाहीत. संगमावर मात्र गुडघाभर पाण्यातही नको, तिथली ओढ फसवी.

जेवण आदल्या रात्री सांगून ठेवा. पापलेटचा हट्ट सोडा, ताजा बांगडा खा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात.