एक्स-रे साफ असूनही छातीला मार लागलेल्या रुग्णाला ठेवून का घेतात?

आपण लिहिले आहे की, खानापूरजवळ उसाची ट्रॉली चुकवताना आपले ६८ वर्षांचे वडील दुचाकीवरून पडले आणि हॅन्डल त्यांच्या छातीत बसले. तालुक्याच्या दवाखान्यातील एक्स-रेमध्ये काही निघाले नाही, तरीही बेळगावच्या रुग्णालयाने ईसीजी, रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून त्यांना ठेवून घेतले, शिवाय छातीला पट्टाही बांधला नाही. हे बिल वाढविण्यासाठी आहे का, असा आपला प्रश्न आहे. मी याच सीमाभागात तातडीच्या विभागात डॉक्टर म्हणून काम करतो. आपल्या वडिलांना मी तपासलेले नाही. परंतु आपण सांगितलेल्या गोष्टींत मला गैर काही दिसत नाही.

छातीला मुका मार लागलेला रुग्ण आला की प्रथम त्याचा श्वासमार्ग, श्वास आणि रक्ताभिसरण पाहिले जाते. फुप्फुसातून निसटलेली हवा बरगड्यांच्या आत दाबाने साचत गेली, तर हृदयाकडे परतणारे रक्त अडते व रक्तदाब कोसळतो. अशा वेळी एक्स-रेची वाट न पाहता काखेखाली चौथ्या किंवा पाचव्या बरगडीखालच्या फटीतून हवा मोकळी करून नळी घालावी लागते. नळीतून एकदम सुमारे १५०० मिलिलिटर रक्त आले, किंवा पुढे काही तास तासाला २०० मिलिलिटर येत राहिले, तर शल्यचिकित्सकाला छाती उघडण्याचा विचार करावा लागतो. बहुतेक रुग्णांवर ही वेळ येत नाही.

आपल्या वडिलांची गोष्ट या पहिल्या टप्प्यानंतरची आहे. आडवे झोपवून काढलेल्या एक्स-रेमध्ये साचलेली थोडी हवा पुढच्या बाजूला पसरते आणि सहज नजरेतून सुटते. मोडलेल्या बरगड्याही त्यात पुष्कळदा दिसत नाहीत. म्हणून खाटेपाशीच सोनोग्राफी करून फुप्फुस श्वासाबरोबर सरकते आहे का, हृदयाभोवती रक्त आहे का, हे पाहतात. त्याच वेळी पोटही पाहतात, कारण खालच्या बरगड्यांच्या आड डावीकडे प्लीहा आणि उजवीकडे यकृत असते. ईसीजी आणि ट्रोपोनिन ही रक्ततपासणी हृदयाला मार बसला आहे का हे पाहण्यासाठी असतात. दोन्ही व्यवस्थित आल्या आणि रुग्ण स्थिर असला, तर ती भीती जवळजवळ संपते. फुप्फुसाला बसलेल्या मुक्या माराचे मात्र तसे नसते. तो पहिल्या दिवशी किरकोळ वाटतो आणि पुढच्या २४ ते ४८ तासांत वाढून प्राणवायू कमी पडू लागतो. वडिलांना ठेवून घेण्याचे हेच प्रमुख कारण असावे.

आता पट्ट्याविषयी. बरगडी दुखते म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो, कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. पट्टा घट्ट बांधल्याने यालाच हातभार लागतो, म्हणून ती पद्धत आता मागे पडली आहे. ६५ वर्षांपुढील रुग्णांत मोडलेल्या प्रत्येक बरगडीबरोबर धोका वाढत जातो, आणि वर्षानुवर्षे विडी ओढलेल्या माणसाच्या बाबतीत तर मी अधिकच सावध असतो. खरा उपचार वेदना आवरण्याचा आहे: पॅरासिटामॉल, मूत्रपिंडाचा विचार करून इतर वेदनाशामके, गरज भासल्यास बरगड्यांच्या मज्जातंतूंना बधिर करणारे इंजेक्शन, आणि जोडीला खोल श्वासाचे व्यायाम. आपल्याकडचे वयस्कर शेतकरी विचारले की "काय न्हाई, बरं हाय" म्हणतात. म्हणून मी त्यांना जोरात खोकायला सांगतो आणि चेहरा पाहतो.

बिलाची शंका मात्र मी उडवून लावणार नाही. प्रत्येक तपासणी कशासाठी, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. छातीला मार लागलेल्या प्रत्येकाला सीटी स्कॅन लागतोच असे नाही, आणि दोन दिवसांत श्वास, प्राणवायू व दुसरा एक्स-रे ठीक असतील, तर त्यापुढे का ठेवायचे याचे उत्तर डॉक्टरांनी दिले पाहिजे. केसपेपर कन्नडमध्ये असेल, तर घरी जाताना औषधांच्या वेळा मराठीत लिहून मागा. वडील रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, तर ती गोष्ट डॉक्टरांना आजच सांगा.

बरगड्या भरून यायला साधारण सहा आठवडे लागतात. तोवर तेल लावून छाती रगडून घेऊ नये आणि ट्रॅक्टरवर बसू नये. दम लागणे, ताप, थुंकीत रक्त, चक्कर, किंवा पोटासह डाव्या खांद्यात दुखणे यांपैकी काहीही झाले, तर रात्र असली तरी १०८ ला फोन करून थेट तातडीच्या विभागात आणावे. वेदनाशामक गोळी पहिले काही दिवस ठरलेल्या वेळी द्यावी, दुखण्याची वाट पाहू नये. आणि खोकताना त्यांनी उशी छातीशी धरून खोकावे.